उस्ता यदुल्लाहचं विमान आणि एकतिसावा नवस

१ फरवर्दीन, सकाळ
नवं वर्ष लागलं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, वाया का घालवायची? आजपासून रोज लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं.
खरं क्रमांक एक : मला विमानाची भीती वाटत नाही. विमान डोक्यावरून गेलं की मी जिन्याखाली जाऊन बसते, ती लढाईच्या वर्षांपासूनची सवय आहे. मॅट्रिकचा निम्मा अभ्यास तिथेच झाला. जिन्याखाली गार असतं.

१ फरवर्दीन, दुपार
मरझियेचा इस्तंबूलहून फोन. पहिलंच बाळंतपण, वीस तारखेच्या आसपास. सासू हयात नाही, म्हणजे सगळं माझ्यावर. बाळंतिणीची पहिली काची, म्हणजे केशराचा गोड शिरा, आईच्याच हातची हवी. केशर, गुलाबपाणी आणि भाजलेलं पीठ डब्यात भरून तयार आहे.
म्हणाली, आई, नक्की येशील ना? म्हटलं, तिकीट काढलंय, पाच तारखेचं. म्हणाली, लग्नाच्या वेळीही काढलं होतंस. तेव्हा माझी दाढ दुखत होती. म्हणाली, मग या वेळी दाढ काढून ये.
या मुलीची जीभ तिच्या आत्यावर गेली आहे.

२ फरवर्दीन
विमान तेहरानहून. इथून, इस्फहानहूनही निघतं, पण तेहरानचं स्वस्त पडतं. शिवाय तेहरानपर्यंत रस्त्याने जाता येतं.
शेजारची इफ्फत खानूम निरोपाला आली. म्हणाली, बतूल खानूम, वर गेल्यावर खिडकी उघडू नका हं, डोकं गार पडेल. मी हसले. नंतर आमच्या ह्यांना, हेशमतना विचारलं, खिडकी उघडते का? म्हणाले, नाही. विचारलं, मग आत हवा कुठून येते? ते पाणी प्यायला उठून गेले.
झोप नाही. पिस्ते जास्त खाल्ले म्हणून.

३ फरवर्दीन, सकाळी ७
प्रवासाच्या रीतीप्रमाणे कुराणाखालून निघालो. माणूस सुखरूप परत यावा म्हणून इफ्फतने गाडीमागे पाणी ओतलं. अर्धाच तांब्या ओतला. अर्ध्या तांब्याने माणूस परत येतो का, हे कोणाला विचारावं?

सकाळी ९
गाडीचा वेग सत्तर. मी हेशमतना सांगितलं, साठ पुरे. मागचा ट्रक भोंगा वाजवतोय. त्याला घाई, त्याने उडावं.
जपमाळेच्या फेऱ्या : अकरा. सकाळपासूनचे नवस : दोन. (नवसांची यादी वहीच्या मधल्या पानावर. एकूण तीस. फेडलेले अठ्ठावीस.)

सकाळी ११
काशानच्या पुढे गाडी वाळवंटाकडे वळली. विचारलं, कुठे? म्हणाले, इथे लष्कराच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे, अर्धा तास बघू. जवळून पाहिलं, हात लावला की भीती जाते. विचारलं, कोणाची भीती? आरशात बघत म्हणाले, माझी.
बिचारे. त्यांच्यासाठी मी तयार झाले.

सकाळी ११.२०
उघड्या मैदानात पंधरा-वीस विमानं. उन्हात पत्रा आपोआप टणटण वाजतो. पंखांखालून न जाता बाहेरून वळसा घातला. चालणं तब्येतीला बरं.
राखणदार उस्ता यदुल्लाह. तीस वर्षं हवाई दलात मेकॅनिक, पांढऱ्या मिशा, हातात तेलकट फडकं. मी विचारलं, यात बॉम्ब राहिले नाहीत ना? म्हणाला, खानूम, आता यात चिमण्या राहतात. खरंच, एका नळकांड्यातून काडी घेऊन चिमणी निघाली. तिच्या धाडसाचं मला कौतुक वाटलं नाही. तिला अक्कल नाही.

सकाळी ११.४०
विमानात बसून लिहिते आहे.
झालं असं : उस्ता म्हणाला, वर या, आत बसून बघा, विमान तुमचंच आहे. मी रीतीप्रमाणे म्हटलं, छे, तुम्हाला त्रास. पुन्हा म्हणाला. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. इथे आग्रह करणाऱ्याने थांबायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा चौथ्यांदा म्हणाला, खानूम, माझ्या मेलेल्या आईची शपथ! चौथ्यांदा नाही म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. इस्फहानची बाई असं करत नाही. शिडी चढले.
त्याने हौसेने वरचं काचेचं झाकणही लावलं. म्हणाला, अस्सल वाटेल.
माझ्या काळ्या चादोरीचं टोक कडीत अडकलंय. झाकण उघडत नाही.

११.४६
घाबरलेले नाही. फक्त अक्षर हलतंय.
उस्ता काचेला तोंड लावून ओरडला, खानूम, गुडघ्यांमधला पिवळा दांडा ओढू नका, खुर्ची माणसासकट वर उडते! मग म्हणाला, ओढला तरी काही होत नाही. मग म्हणाला, पण ओढू नका!
माझे गुडघे दांड्याला टेकलेत.

११.५२
उस्ता तेल आणायला गेला. खाली हेशमत हात हलवताहेत. स्टेशनवर हलवतात तसा.
आत रबराचा वास. लढाईत तळघरात हाच वास होता. दुवा अर्धीच आठवते. पाठ असलेली दुवा.

११.५९
पत्रा वाजला. मला वाटलं, निघालं.

१२.०३
नवस क्र. ३१ : या अल्ला, मला इथून बाहेर काढ, जन्मात पुन्हा विमानात पाऊल ठेवणार नाही.

दुपारी १
पत्रा कापायच्या कात्रीने चादोरीचा कोपरा कापला आणि मी बाहेर आले. उस्ता म्हणाला, माझं तोंड काळं झालं खानूम, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. तीनदा नाही म्हटलं. या वेळी थांबला.
हेशमत म्हणाले, बघ, विमानात बसलीस, काही झालं का? मी नवस सांगितला. त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.
मला स्वतःलाच फार वाईट वाटतंय. मी तर जायला तयार होते. पण अल्लाला दिलेला शब्द.

४ फरवर्दीन, तेहरान, दिराच्या घरी
हेशमतनी इस्तंबूलच्या बसची चौकशी केली. पंचवीस तारखेपर्यंत एक जागा नाही. मग म्हणाले, मी एकटा जातो. मी म्हटलं, बाळंतिणीपाशी पुरुषाचं काय काम? आणि मला घरी कोण नेणार?
शेवटी आमच्या मशिदीच्या मौलवींना, हाज आगांना फोन लावला. सगळं सांगितलं. मला खात्री होती, ते नवसाची बूज राखतील. ते म्हणाले, बाई, बायकोच्या अशा नवसाला नवऱ्याची परवानगी लागते. त्यांनी दिली नसेल तर नवस लागूच नाही. खुशाल विमानात बसा, पोरगी वाट बघतेय. फोन त्यांना द्या.
फोन दिला. म्हटलं, खरं काय ते सांगा.
हेशमत बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. जपमाळ बोटांना घट्ट गुंडाळली होती, पडू नये म्हणून. बोटं जरा निळी झाली होती.
मग म्हणाले, हो हाज आगा, परवानगी दिली होती.
त्या काचेच्या आत परवानगी कशी मागितली असेन, मला आठवत नाही. पण नवरा खोटं कशाला बोलेल? भीती त्यांचीच, हे मी काशानलाच ओळखलं होतं.
मरझियेला फोन केला. तिने एकच शब्द विचारला : दाढ? मी म्हटलं, नाही गं, या वेळी धर्म आडवा आला. तिने फोन लगेच ठेवला नाही.

५ फरवर्दीन
संध्याकाळी आमचं विमान आमच्याशिवाय गेलं. चार दिवसांनी गाढ झोप लागली. दुःखात अशी झोप लागते म्हणतात.

१२ फरवर्दीन, इस्फहान
पहाटे मुलगा झाला. आठ दिवस आधी. मरझिये बारा तास अडून होती, जावई दाराबाहेर. कोणा तुर्की शेजारणीने तिचा हात धरला आणि दालचिनीचं लाल सरबत पाजलं. तिथे काची कोणाला येत नाही.
मी इथे काची केली. डबा भरून ठेवलेलाच होता. हेशमतनी दोन वाट्या खाल्ल्या. मला जाईना. गुलाबपाणी जास्त पडलं होतं.

२१ ऊर्दीबेहेश्त
आज बाळाचे चाळीस दिवस पुरे. मरझिये त्याला घेऊन आली. विमानाने.
विमानतळावर मी ओवाळायला धूप आणि साखर घेऊन पुढेच उभी राहणार होते, दारातच. विमान उतरायच्या वेळी मात्र मी तिथल्या जिन्याखाली होते. बाहेर ऊन फार.
मरझियेने तिथे येऊन शोधलं. ओरडेल वाटलं होतं. ती शेजारी खाली बसली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. विचारलं, विमानात फार रडला असेल? म्हणाली, नाही गं, झोपूनच होता. अजूनही झोपलेलाच होता.
डोक्यावरून दुसरं विमान गेलं. मी बाळाला पोटाशी घट्ट धरलं. मरझियेने विचारलं, आई, थंडी वाजतेय का?
हो म्हटलं. भर दुपारी. तिने आपली शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.
बाळाने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा झोपला.
पहिल्या पानावरचं खरं क्रमांक एक खोडून टाकलं.