भरीव दार

२ जून
आजपासून रोज लिहायचं. सर म्हणाले, मनातलं कागदावर काढ, म्हणजे ते हातात उतरत नाही. सर म्हणजे माझे बॉक्सिंगचे कोच. हल्ली बोलतात फार. पण ठीक आहे, लिहितो. जुलैत बेल्ट राखायची फाइट आहे. तोवर वजन उतरवायचं, राग बंद करायचा आणि बायकोला परत आणायचं. तिन्ही सोपं आहे. मनावर घेतलं की झालं.
बायको आठवडाभरासाठी भावाकडे गेली आहे. म्हणजे आठवडाभर असं मी सगळ्यांना सांगितलंय. ती काही बोललेली नाही.

३ जून
सुतार आला. बेडरूमचं दार बघून म्हणाला, साहेब, हे यंदाचं तिसरं. मी म्हणालो, दारंच पोकळ असतात हो. दोन्हीकडून पातळ प्लाय, आत पुठ्ठा. माणसाने नुसता हात टेकला तरी आरपार.
एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण मेहुणा बाहेर भलतंच सांगत फिरतो. मी बायकोवर आजवर हात उचललेला नाही. ती दाराला टेकून उभी होती. ठोसा दारावर पडला. तिच्या कानापासून चांगला वीतभर लांब, आणि मुद्दाम लांब. अंतर राखून मारणं हे माझं काम आहे, उगाच नाही चॅम्पियन. इतका कंट्रोल किती जणींच्या नवऱ्यांकडे असेल? हे तिला समजावायला गेलो तर ती बॅग भरायला लागली.

६ जून, सकाळी
वजन तीन किलो जास्त. काटा बिघडलाय.

८ जून
मेहुण्याकडे जाऊन मुलीला भेटलो. त्याने आधी साखळी लावून दार उघडलं, मग माझं तोंड बघून साखळी काढली. जावयाची ही किंमत. मुलगी टेबलाशी चित्र रंगवत होती. पहिलीत आहे. केसांवरून हात फिरवावा म्हणून उजवा हात उचलला, तर क्षणात तिच्या दोन्ही मुठी गालांना, हनुवटी खाली, कोपरं आत. काय गार्ड होता. क्लबातल्या घोड्याएवढ्या पोरांना वर्षभर शिकवून जमत नाही. आणि मी तर तिला कधी शिकवलेलंही नाही. रक्तातच असावं लागतं.
मेहुण्याला म्हणालो, बघितलंस? त्याने तोंड फिरवलं. लोकांना दुसऱ्याच्या पोरांचं कौतुक बघवत नाही.
बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. कामात असेल.

११ जून
झकास कल्पना सुचली. या वेळी दार भरीव लाकडाचंच बसवायचं. ती येईल, दार बघेल, मी किती बदललोय ते तिला न सांगता कळेल. सुतार म्हणाला, जड होईल, बिजागऱ्याही नव्या लागतील. म्हणालो, लावा, पण जन्मभर टिकलं पाहिजे. त्याने आधी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाला, दार टिकेल. समजूतदार माणूस आहे.

१५ जून
राग पूर्ण बंद. फक्त एकदा जिममध्ये बादलीला लाथ बसली, पण ती वाटेतच ठेवली होती.
पेपरवाला मुलाखतीला आला. यशाचं श्रेय कुणाला, म्हणाला. कुटुंबाला, म्हणालो. मग फोटोत कुटुंबाला घेऊ या, म्हणाला. बाहेर गेलंय, म्हणालो. शेवटी त्याने नुसत्या बेल्टचा फोटो काढला. बेल्टवर धूळ होती. तो पुसायचं काम तिचं.

१९ जून
काल दार बसलं. देखणं आहे. टकटक केलं की भिंतीसारखा आवाज येतो. वजन अजूनही दोन किलो जास्त. दार बसल्याच्या आनंदात काल थोडं जास्त जेवलो.

२२ जून
जिंकलो.
मेहुणा वॉचमनकडे पिशवी ठेवून सटकत होता, त्याला जिन्यात गाठला. पिशवीत पांढरा टॉवेल. लग्नाच्या आधीपासून माझ्या प्रत्येक फाइटला ती हा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या कॉर्नरमध्ये सरांशेजारी बसायची. टॉवेल रिंगमध्ये पडला की फाइट तिथेच थांबते. टाकणाऱ्याने हार मानली, असाच नियम आहे. म्हणजे बाईसाहेबांनी हार मानली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. हवी कशाला? शेवटी बॉक्सरची बायको आहे.
मेहुण्याला म्हणालो, तिला सांग, मागचं काही काढणार नाही, माझं मन मोठं आहे. तो म्हणाला, दाजी, तुम्हाला कळत नाही की कळून घ्यायचंच नाही? आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.
चादरी बदलल्या. मुलीच्या खोलीतला पंखा पुसला.

२३ जून
अजून आली नाही. हरल्यावर यायला लाज वाटतेच. थांबीन.

२५ जून, दुपारी
सरांना टॉवेलचं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते माझ्या हाताला पट्टी गुंडाळत होते, ते थांबले. म्हणाले, अरे, समोरच्या कॉर्नरमधून टॉवेल पडला तर तू जिंकतोस. ती कुणाच्या कॉर्नरमध्ये बसायची?
माझ्या, म्हणालो.
मग हरलं कोण, म्हणाले, आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला लागले.
सरांना वयामुळे हल्ली बॉक्सिंग कळेनासं झालंय.

२५ जून, संध्याकाळी
फोन केला. तिने उचलला. मी अगदी शांत होतो. कधी येतेस, विचारलं. म्हणाली, येत नाही. मला आता बघवत नाही, म्हणून टॉवेल पाठवला. मी म्हणालो, अगं, मी बदललोय, बेडरूमला दार भरीव लाकडाचं केलंय. ती हसली. म्हणाली, म्हणजे तू दाराची सोय केलीस.
पुढचं नीट आठवत नाही. पोकळ दाराची सवय होती. दाराला ओरखडासुद्धा नाही.

२७ जून (डाव्या हाताने)
उजव्या हाताची हाडं मोडली. प्लास्टर. फाइट गेली. बेल्ट परत मागतील. डॉक्टरांनी विचारलं, समोर कोण होतं? सर म्हणाले, कोणी नव्हतं. मग बाकावर बसून राहिले. मला रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
वजन आज बरोबर भरलं. प्लास्टरसकट.

३० जून (डाव्या हाताने)
मेहुण्याकडे गेलो. त्याने साखळी काढली, आत घेतलं. बायकोने पाणी आणून ठेवलं आणि लांब खुर्चीवर बसली. मुलगी भिंतीला टेकून उभी. मुठी गालांना.
या वेळी मला कौतुक वाटलं नाही.
तिने विचारलं, पप्पा, हा हात वर होतो का? म्हणालो, नाही, गळ्यात बांधलाय. म्हणाली, मुळीच नाही? म्हणालो, मुळीच नाही. तिने आईकडे पाहिलं. मग मुठी खाली केल्या आणि येऊन बसली. डावीकडे सोफा अख्खा मोकळा होता. ती उजवीकडे बसली, प्लास्टरला चिकटून. त्यावर स्केचपेनने मासा काढला.
मासा रंगवता रंगवता म्हणाली, हे कधी काढणार? म्हणालो, महिन्याभराने. म्हणाली, डॉक्टरांना सांग ना, राहू दे म्हणून.
सांगतो, म्हणालो.