न मिळालेलं बेसांव

माय, घरात आता तेर्स मी एकटीच म्हणते, आणि खरं सांगायचं तर मन लागत नाही. माळ पुढे सरकते, तोंड चालतं, पण मी वाट बघते ती शेवटाची. प्रार्थना संपली की लहानांनी हात जोडून 'बेसांव दी' म्हणायचं, आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून 'देव तुजां बरां करो' असा आशीर्वाद द्यायचा, ही आपल्या घरातली रीत. आधी भाऊ, मग मी. तुझ्या हाताला कांद्याचा वास यायचा, तरी मी मान जरा जास्तच वाकवायचे. तो हात अजून थोडा वेळ राहावा असं वाटायचं.

तान्ही असताना मला ताप चढला आणि तू मारिया सायबिणीपुढे नवस बोललीस, पोर जगली तर सिस्टर करीन. मी जगले. झालं! तेव्हापासून मी तुझी नव्हतेच. फ्रॉक सगळे पांढरे. शेजारच्या लग्नात रोस होता, नवरीला नारळाचा रस चोळता चोळता पोरी एकमेकींना माखत होत्या. मीही हात पुढे केला, तर तू दंडाला धरून मागे ओढलंस, "तुका नको तां." वाडीतली पोरं मला बघून हात जोडायची, "सिस्टर, बेसांव दी गो!" आणि खिदळायची. मला रडू यायचं आणि तुला कौतुक वाटायचं. कमाल आहे तुझी.

दहावीनंतर कॉन्व्हेंटात गेले. प्रयत्न केला, माय, अगदी मनापासून केला. पण चॅपेलात गुडघे टेकले की घर आठवायचं आणि रडू कोसळायचं. शेवटी मदरच म्हणाल्या, "बाळ, तुला देवाचं बोलावणं नाही. त्यात तुझा दोष नाही. घरी जा." कुडाळहून एसटीने आले, तेव्हा तू मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होतीस. ट्रंक बघितलीस आणि समजलीस. "देवाक दिलेलां परत घेवचां नसतां," म्हणालीस. मीही तुझीच लेक, फटकन बोलले, "मी काय मेणबत्ती होतंय, नवसाक लावक?" जेवताना मोठा बांगडा माझ्याच ताटात वाढलास. पण संध्याकाळी तेर्स संपला, भाऊ वाकला, त्याच्या डोक्यावर तू हात ठेवलास, आणि मी वाकले तेव्हा माळ डबीत ठेवायला उठून गेलीस.

मग रोज तेच. भाऊ दुबईला गेला, मी बालवाडीत लागले. स्थळं आली ती तू दारातूनच परत पाठवलीस, "तां देवाचां आसा." देवाने मला परत पाठवलं होतं, तू घेतलं नाहीस, मग मी कुणाची? तरी रोज वाकत राहिले. मूर्खपणा म्हण हवं तर. पुढे तुला अर्धांग झालं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी न्हाऊ घातलं, पेज भरवली. डावा हात तुझा चांगला होता. पेज नको झाली की त्या हाताने चमचा ढकलायचीस, पायथ्याशी मांजर आलं तर त्याला थोपटायचीस. मांजराला, माय! मी खाटेशी वाकून 'बेसांव दी' म्हटलं की तोच हात गोधडीवर तसाच पडून राहायचा. शेवटच्या संध्याकाळीही तो तिथेच होता.

हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवणार नाही. मेलेल्यांच्या सणाला सगळा गाव तिथे येतो, कुणीतरी वाचील. तू गेलीस त्या सकाळी भावाचा फोन आला. पहिलं हेच विचारलं त्याने, "मायन तुका बेसांव दिल्यान मा गो?" मी हो म्हटलं. डोक्यावर हात ठेवून दिलं म्हटलं. तो लहान मुलासारखा रडला, "बरां झालां गो, बरां झालां." मग वाडीतही मी तेच सांगितलं, अजून सांगते. फादरकडे कुमसाराला जाते, तिथे बाकीची सगळी पापं कबूल करते, एवढं एक सांगत नाही. सांगितलं तर ते म्हणतील, सगळ्यांना खरं काय ते सांग. आणि खरं सांगितलं तर माझ्याकडे तेवढंही उरणार नाही.