बाबांचं पाणी

प्रिय अनिल,

पाकीट बघून हसशील, फोनवर तासभर बडबडणारी ताई पत्र लिहायला कधी शिकली म्हणून. पण फोन तू नेहमी स्पीकरवर ठेवतोस आणि शेजारी आई असते. हे एकट्याने वाच. आंबेनळी घाटातल्या त्या वळणावर बसून वाच, जिथे तू चोरून विड्या ओढायचास. यातलं आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत डासांच्या पेशी वाढवतात. बाटलीच्या तळाला त्या चिकटून असतात, वर लालसर पोषकपाणी. त्यांच्यात डेंग्यूचा विषाणू शिरला की तो आतच नवे विषाणू घडवून घेतो. ते आधी कच्चे असतात, काटेरी. वाटेतच कुठे चिकटू नयेत म्हणून अंगावर एक टोपडं असतं. बाहेर निघताना पेशीचीच कात्री ते कापते, पण गळून पडतं ते दाराबाहेर गेल्यावरच. मग तो गुळगुळीत, तयार. माणसाच्या पेशी यात बहुधा मरतात. डासाच्या मरत नाहीत, आठवडेच्या आठवडे त्याला बाहेर सोडत राहतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काही झालंय असं दिसतच नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

एका बाटलीवर नुसता क्रमांक होता. तो मला पाठ आहे, कारण महाडच्या दवाखान्यात बाबा गेले तेव्हा त्यांच्या रक्ताच्या नळीवर तोच होता. त्या रक्तातलाच डेंग्यू या बाटलीत वाढत होता. वर्षभर मी तिच्यातलं पाणी बदलत आले. हल्ली बदलताना तिच्याशी बोलायलाही लागले होते.

आईच्या मडक्याचंही तेच. तेराव्यापर्यंत ठेवायचं पाणी तिने बाबांच्या फोटोखाली वर्षभर ठेवलं. ओतायचं नाही, नुसती भर घालायची. सकाळी थोडं कमी दिसलं की बाबा पिऊन गेले. माती पाणी पिते हे मला कळतं. तरी गणपतीत आले तेव्हा डोकावले, तर पाणी हललं. आत बारीक वळवळ होती. ओतायला गेले तर आईने हात धरला. दिवेलागणीला पांढऱ्या ठिपक्यांचा एक डास मडक्याच्या काठावरून उठून तिच्या मनगटावर बसला. मी हात उगारला, तशी ती म्हणाली, “बसू दे गो. घरचंच हाय.” तो पोटभर पिऊन उडेपर्यंत ती हलली नाही.

अनिल, बाबांबरोबर ताप तुलाही आला होता. तू वाचलास. पण यंदा महाडहून येणाऱ्या नमुन्यांत डेंग्यूची दुसरी जात आहे. अर्धं टोपडं अंगावर घेऊन निघालेले कच्चे विषाणूही असतात, आणि पहिल्या तापाची जी ओळख तुझ्या रक्तात उरली आहे, तीच त्यांना हाताला धरून पेशीच्या आत नेऊ शकते. दुसरा ताप पहिल्यासारखा सोडेलच असं नाही. मला तू हवा आहेस रे.

म्हणून काल आधी मी माझं केलं. सरांना विचारलं आणि बाबांची बाटली विषाणू मारणाऱ्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवून दार लावलं. मग बाहेर स्टुलावर बसून खूप रडले. आता तू मडकं अंगणात ने आणि कोरड्या मातीत ओत, शक्यतो आईच्याच हाताने. नुसतं ओतून चालणार नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. आतून घास, उन्हात पालथं घाल. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सवयीने फोटोखाली बघेल. तिथे मडकं नसेल. तू असायला हवास.

तुझीच ताई,
अक्षदा