टीम कधी फुटली नाही

८ जाने., गुरुवार
राजकोटच्या नीलमचा नंबर मिळाला एकदाचा. लावला. कॉलेजात असताना दर वर्षी फायनलला तिच्याच टीमशी गाठ पडायची, तिची कोपरं माझ्या बरगड्यांना अजून आठवतात. म्हटलं, आमच्या कोच शेवडे मॅडमना ऐंशी पूर्ण होतायत, पंचवीसला कॉलेजात सत्कार आहे. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या इतिहासावर मी बोलणार आहे, तूही ये, चार शब्द बोल.
ती एकदम म्हणाली, "वैजु, तने थँक्यू कहेवानुं रही गयुं हतुं. तारा पप्पाए ना पाडी, एटले कॅम्पमां मारो नंबर लाग्यो."
कसला कॅम्प? कसली ना?
देशाच्या टीमचा कॅम्प. यादीत नाव माझं होतं म्हणे, तिचं राखीव. तुमच्या मॅडमनी कळवलं की वैजयंतीला घरून सोडत नाहीत. म्हणून नीलम गेली. त्यावरच तिला रेल्वेत नोकरी लागली, अजून तिथेच आहे. "बहु स्ट्रिक्ट हता ने तारा पप्पा?"
मी "हं" म्हटलं नि फोन ठेवला. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती अशी. डाळ करपली. वास आला तेव्हा कळलं.

९ जाने.
बाबा नाही म्हणाले! बाबा! मॅच असली की ड्यूटी बदलून घ्यायचे नि कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभे राहायचे. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझे बूट पांढरे करून उन्हात ठेवायचे तेच. कटकट असायची ती आईची, गुडघे फोडून घेऊ नको, लग्न व्हायचंय. बाबांची कधीच नाही. आणि आज तीस वर्षं झाली, राजकोटपर्यंत त्यांची कीर्ती काय, तर पोरीला न सोडणारा बाप. त्यांना बिचाऱ्यांना पत्तासुद्धा नाही. गेले तसेच.

त्या वर्षी कॅम्पची नावं कळली तेव्हा मी मॅडमकडे रडत गेले होते. स्वच्छ आठवतं. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा डावा हात कच्चा आहे, वैजयंती. पुढच्या वर्षी बघू." मग वर्षभर डावा हात. क्वार्टरच्या भिंतीवर बॉल आपटून आपटून शेजारी भांडायला आले. भाजी डाव्या हाताने चिरायचे. बोट कापून घेतलं.
पुढच्या वर्षीही नाव नाही. मग मीच ठरवून टाकलं, आपली लायकी एवढीच. तीस वर्षं हेच धरून चाललेय. ट्यूशनच्या पोरांनाही हेच सांगते, आपली मर्यादा ओळखावी.

सुहासना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्या नीलमची काहीतरी गल्लत होत असेल."
असेल. देवा, असू दे.

११ जाने., रविवार
भाषण लिहायला बसले. पहिलं वाक्य सोपं, ते आम्ही सगळ्या झोपेतसुद्धा म्हणू: सलग सात वर्षं जिंकलो, कारण टीम कधी फुटली नाही. बाकीच्या कॉलेजांचं काय व्हायचं, एखादी पोरगी चमकली की गेली कॅम्पला, मग दुसऱ्या गावी, मग नोकरी. की यांची टीम बसली. आमच्यातली एकही गेली नाही. लोक म्हणायचे, शेवडेबेनची शिस्त.
लिहिलं नि हात थांबला. एकही नाही? इतक्या जणींत?

मॅडम घरोघर जायच्या परवानगी काढायला. आमच्या टीममधल्या भाविनीच्या वडलांचं लहरीपुऱ्यात बांगड्यांचं दुकान. तिथे गादीवर मांडी घालून बसल्या, चहा घेतला, आणि उठल्या त्या भाविनीला घेऊनच. आमच्याकडेही तेच. बाबा म्हणायचे, मॅडम म्हणतील ती पूर्व दिशा. कुणाच्या घरी फोन नव्हते, त्यामुळे बाहेरचं काहीही आलं तर मॅडमकडे यायचं आणि आमच्या घरचं उत्तरही त्याच द्यायच्या. आमच्या वतीने हो त्याच म्हणायच्या. नाहीसुद्धा.
आज पुढे लिहिलं नाही.

१४ जाने., उत्तरायण
सकाळपासून भाविनीच्या गच्चीवर. लाऊडस्पीकर, पतंग कापला की "काप्यो छे"च्या आरोळ्या, चिक्की, उंधियु. तिने मॅडमसाठी डबा वेगळा काढला. "मॅडमला तीळ चालते, शेंगदाणा नाय." भाविनीचं मराठी मॅडमच्या हाताखाली तयार झालेलं, तेव्हापासून तसंच आहे. वडलांमागे दुकान तीच बघते. दर गुरुवारी दुकान भावजयीवर सोडून वासण्याला मॅडमच्या घरी जाते, त्यांची भाजी, औषधं, बँक. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात हीच झोपत होती. मॅडमना मूलबाळ नाही, एक भाची, ती कॅनडाला.
शेजारणीला माझी ओळख करून देत होती, "आ अमारी कॅप्टन." आणि स्वतःबद्दल हसत, "मी तर नुसती पळायची."
नुसती पळायची! तिच्याइतकं चपळ पाऊल मी नंतर टीव्हीवरसुद्धा क्वचित पाहिलं.

१७ जाने., शनिवार
वासण्याला जाऊन आले.

सत्काराचं बोलायचं निमित्त काढलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही मला, पण पहिली पंधरा मिनिटं तेच केलं. मॅडम खुर्चीत ताठ. स्मरण एकदम पक्कं, कुठल्या फायनलला कुणाचा फ्री थ्रो चुकला ते सांगत होत्या. शेवटी विचारलंच. नीलम असं म्हणाली, खरं का?
वाटलं होतं, म्हणतील, छे, काहीतरीच. नाहीतर आठवत नाही म्हणतील. दोन्ही चाललं असतं मला.
"हो. मीच कळवलं तसं."
इतक्या सहज. वर म्हणाल्या, संत्रं घे, गोड आहेत.
मी म्हटलं, का? म्हणाल्या, "तू गेली असतीस तर खेळवणार कोण होतं? आणि तिकडे तुझं बोट जरी वाकडं झालं असतं ना, दुसऱ्या दिवशी सगळ्या बापांनी पोरी काढून घेतल्या असत्या. मी एकेक दार कसं उघडलंय ते तुला काय माहीत." पुढे म्हणाल्या, "आणि मला हरायला आवडत नाही. ते तर तुला माहितीये."
मी म्हटलं, बाबांचं नाव कशाला घातलंत मध्ये? 
त्यांनी संत्रं सोलायला घेतलं. मग म्हणाल्या, "तू एकटी कुठे गं? शैलजा होती, तुझ्या आधीची. भाविनीचं तर दोनदा आलं."
भाविनीचं दोनदा.
केसाने गळा कापला म्हणावं, तर समोरची बाई माझ्यासाठी संत्र्याच्या शिरा काढत बसलेली. खाल्लंही मी ते. निघताना पायासुद्धा पडले. सवय!

१८ जाने.
राग राग राग. गॅलरीतल्या कुंड्या धुतल्या, पंखे पुसले, सुहासना उगाच बोलले.
डावा हात कच्चा नव्हता. नव्हताच. खोटं बोलायचं तर सरळ खोटं बोलायचं, माझ्या हाताला नावं कशाला ठेवायची?

आणि हेही लिहून ठेवते, कारण हेही खरं आहे. मॅडम नसत्या तर मी कोर्टावरच गेले नसते. बारावी झाली, लग्न झालं, संपलं. आम्ही सगळ्याच. म्हणजे ज्यांनी दार उघडलं त्यांनीच कडी घातली. आपलेच दात आपलेच ओठ. कुणाकडे जाऊन रडू?

२१ जाने., बुधवार
कॉलेजात हॉल बघायला गेले. आताची कोच आणंदची, तिशीचीसुद्धा नसेल. टीम कशी काय, विचारलं. हसली. "हारीए छीए, मॅम! सारी सारी तो जती रहे ने." चांगल्या चांगल्या निघून जातातच म्हणे, दोघी कॅम्पला, एक दिल्लीला शिकायला. कपाळावर आठी नाही. उलट मोबाइलमध्ये त्यांचे फोटो दाखवत बसली, कौतुकाने.
मी बाहेर येऊन कोर्टाच्या पायरीवर बसले. रडू आलं, थांबेना. वॉचमन पाणी घेऊन आला.

संध्याकाळी सुहास म्हणतात, "ऐंशीव्या वाढदिवशी म्हातारीचा पंचनामा करणार आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची." उंटावरचे शहाणे. यांचं काय गेलंय? मी म्हटलं, मूठ माझी असती तर झाकली असती हो, आत भाविनीचं आहे ना.

२२ जाने., गुरुवार
मॅडमचा फोन. स्वतःहून. आजवर कधी केला नव्हता.
"भाविनी आत्ताच गेली. तिला काही सांगितलंयस का तू?"
नाही म्हटलं.
"नको सांगूस."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"स्टेजवर काय बोलायचं ते बोल माझ्याबद्दल. पण तिला नको. ती यायची बंद होईल गं, वैजू."
वैजू. सगळा जन्म वैजयंती म्हणाल्या. आवाज इतका बारीक की आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. रेफ्रींना घाम फोडणारी बाई ती. नीलमच्या फोनपेक्षा ह्या फोनने जास्त हादरले.
काय उत्तर दिलं? "बघू." त्यांचाच शब्द.

२५ जाने., रविवार
झाला सत्कार. सगळा हॉल भरला होता. आमच्या वयाच्या बायका, कुणाचे गुडघे गेलेले, कुणी आजी झालेल्या, सगळ्या पोरींसारख्या किंचाळत होत्या. नीलम आली नाही, लग्न होतं तिच्याकडे. एका अर्थी सुटले.
मॅडम पहिल्या रांगेत, शाल घेऊन. शेजारी भाविनी, त्यांचा हात हातात धरून.
बोलले. दुकानातल्या गादीचं सांगितलं, घरोघरच्या चहांचं सांगितलं. बाबांचं मुद्दाम सांगितलं, जाळीशी उभे राहायचे, मला कधीही, कशालाही नाही म्हणाले नाहीत. हे म्हणताना मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं.
मग ते वाक्य आलं. "आपण सात वर्षं जिंकलो, कारण..." आणि तोंडातून पुढे शब्द फुटेना.
तर भाविनी उठून उभी! हात वर करून ओरडली, "कारण टीम कधी फुटली नाही!" अख्ख्या हॉलने उचललं. टाळ्या, शिट्ट्या, दोनदा, तीनदा. शैलजासुद्धा पुढे होऊन ओरडत होती. मी माइक धरून उभी. माझ्यासमोर फसवलेल्या बायका आनंदाने आपल्या फसवणुकीच्या घोषणा देत होत्या आणि ते एकटी मी जाणून होते. मी आणि पहिल्या रांगेतली ती.

भाविनीने घरी सोडलं ऍक्टिवावर. कारेलीबागेत पाण्याच्या टाकीपाशी गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढून म्हणाली, "वैजु, तू कधी अटकत नाय बोलताना. आज का अटकली?"
दमले होते म्हटलं.
"खोटं बोलते. तू आठ दिवस झाले, माझ्याकडे असं बघते जसं माझ्या घरी कोणी मेलंय. उद्या सुट्टी आहे. अगियार वाजता मी येते. बोलायचं."

२६ जाने., सोमवार
पोहे भिजवलेत. सुहास झेंडावंदनाला सोसायटीत खाली. घरात मी एकटीच.

सांगितलं तर: भाविनी मॅडमकडे जायची थांबेल. कदाचित. कदाचित नाहीही थांबणार, तिचा भरवसा नाही, ती हसेल आणि म्हणेल चालो, जवा दे. पण मग "मी तर नुसती पळायची" हे म्हणायची थांबेल. पन्नाशी उलटल्यावर तरी तिला कळेल की ती कोण होती. आणि वासण्याला ऐंशी वर्षांची एक बाई गुरुवारी दाराकडे बघत बसेल.
नाही सांगितलं तर सगळं जिथल्या तिथे. मॅडमना तिची भाजी मिळत राहील, तिला तिच्या मॅडम. तिने सुखात राहावं, तिला हे झेपायचं नाही, एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं. हे सगळं मी पहाटेपासून मनाशी म्हणतेय. चांगलं पटलंही होतं.
आत्ता कांदा चिरताना लक्षात आलं आणि सुरी ठेवूनच दिली. तिला न विचारता, तिच्या वतीने, तिच्याच भल्यासाठी मी ठरवतेय, तिला काय कळावं नि काय नाही. मॅडमनी तरी याहून वेगळं काय केलं होतं?

हे लिहितेय तोवर खाली ऍक्टिवा थांबल्याचा आवाज आला. अजून अकरा वाजले नाहीत. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतेय.