माझ्या पोटावरच्या पिशवीचा निर्णय

६ जानेवारी, सोम.
बायोप्सी आली. कॅन्सर. गुदाशयात, अगदी खाली, सुपारीएवढी गाठ. सर्जन सगळं ह्यांना आणि मुलाला, निखिलला सांगत होते. मी मधल्या खुर्चीत. माझं वयही ह्यांनाच विचारलं. "छप्पन्न," मी म्हटलं, तरी डॉक्टरांची मान ह्यांच्याकडेच. मोठं ऑपरेशन. गुदद्वार कायमचं बंद, शौचासाठी पोटावर पिशवी. जन्मभर. "दुसरा उपाय नाही का?" तर म्हणे, "मावशी, जीव महत्त्वाचा ना?" हे काय उत्तर झालं?

७ जाने.
स्वारगेट डेपोत रजेचा अर्ज. कारण: मूळव्याध. सात महिने रक्त पडत होतं तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, मीसुद्धा. एकोणतीस वर्षं कंडक्टर. पोटावर पिशवी, वर तिकिटाचं मशीन, गर्दीत लोकांची कोपरं. त्या खोलीत कोणाच्या मनात तरी आलं का हे?

९ जाने.
फाइलमध्ये ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म. ह्यांची सही झालेली! "अगं, तुला टेन्शन नको म्हणून..." फाडला. निखिल: "आई, जरा लॉजिकल वाग." म्हटलं, हिंजवडीच्या ऑफिसात तुझ्या लॅपटॉपला कोणी न विचारता हात लावतं का?

१३ जाने.
रजनीला खरं सांगितलं. माझ्याच रूटवरची कंडक्टर. ती एका सर्जनबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एमआरआय पाहिला, कागदावर आतडं काढून दाखवलं. "गाठ वरच्या थरात दिसतेय. दुर्बिणीनं खालूनच काढता येईल. पोट कापायचं नाही, पिशवी नाही. पण शेजारच्या लसिकाग्रंथी, जिथे आजार पसरलेला असू शकतो, त्या तशाच राहतात. आजार परत यायचा धोका जास्त. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला, तर मी मोठंच ऑपरेशन सांगेन." सगळं माझ्याकडे बघून.
म्हणजे उपाय होता! पहिल्या सर्जननी नावसुद्धा काढलं नाही. तोट्यासकट सांगितलं असतं तर मीच कदाचित मोठं निवडलं असतं. पण सांगायचंच नाही?

१५ जाने.
नणंद आली. "मुळासकट काढून टाक बाई, अर्धवट नको." ह्यांना विचारलं, तुम्ही लावून घ्याल पिशवी? उठून गॅलरीत गेले. परत आले ते डोळे पुसत. "तू गेलीस तर मी काय करू?" राग मात्र तसाच.

२२ जाने.
दुर्बिणीचं ठरवलं. सही माझी.

२५ जाने.
झालं. आज वॉर्डात चालले. दुखतं, पण...

५ फेब्रु.
रिपोर्ट. कापलेल्या कडा साफ. पण गाठ वाटली त्यापेक्षा खोल, बारीक रक्तवाहिनीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. डॉ.बाई: "माझा सल्ला मोठ्याचा. सतत तपासत थांबता येईल, पण धोका आहे." नणंद फोनवर: "तेव्हाच ऐकलं असतंस तर?" फोन कापला. पहिल्या दिवशी मला नीट सांगितलं कोणी होतं?

७ फेब्रु.
डॉ.बाईंनी वारज्याच्या एका बाईंशी गाठ घालून दिली. शिवणाचे क्लास घेतात. कुर्ता वर करून पिशवी दाखवली, न लाजता. "पहिले सहा महिने नुसती रडले. आता बसने फिरते." गर्दीत फुटते का, वास येतो का, सगळं विचारलं. काही उत्तरं आवडली नाहीत.
सोमवारी डॉ.बाईंना सांगायचंय. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." आत्ता म्हणतात! आणि आत्ताच नेमकं माझं मला कळत नाहीये. म्हटलं, रविवारपर्यंत कोणी विचारू नका.