बँडवाल्याची मुलगी रॅगटाइम शिकवते

बाबा, परवा भर वर्गात मी तुमचं नाव गिळलं. वर्ध्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते ना मी, तर अमेरिकेतल्या काळ्या संगीतकारांचा विषय चालला होता. रॅगटाइम म्हणतात त्यांच्या संगीताला. गुलामगिरीतून सुटलेल्यांची ही मुलं. पियानोवर डावा हात पलटणीच्या बँडसारखा सरळ चालवायची आणि उजव्या हातानं सूर ठेक्याच्या अल्याड-पल्याड टाकायची. गोरे लोक त्यावर नाचायचे, स्वरलिपी विकत नेऊन घरी वाजवायचे, आणि वर म्हणायचे, हे तर गुत्त्यातलं! त्यांच्यातल्या एकानं अख्खा ऑपेरा लिहिला, पण तो थाटात रंगमंचावर बघणं त्याच्या नशिबी आलं नाही. हे सांगताना माझा आवाज भरून आला. काय ते माझं नाटक!

मोबाइलवर धून लावली आणि मला नाचणगावची वरात दिसली. तुम्ही लाल कोटात क्लॅरिनेट वाजवताय, मी बाजूनं चालतेय. बँडमास्तर ओरडतो, "सरळ वाजव ना बे! लग्न हाय का सर्कस?" तुम्ही हसता आणि मला सांगता, "पाय ठेक्यावर ठेवाचा बाई, अन् सूर जरासा मांगून येऊ द्याचा. मंग लोकाईले बसवत नाई." नवरदेवाचा रुसलेला मामासुद्धा नाचला होता. आणि आपलं जेवण? शेवटची पंगत उठल्यावर, मांडवाबाहेर. भात गार झालेला. तुमच्या पानातली बुंदी माझ्या पानात टाकत म्हणालात, "खाय, आपल्या वाजवण्याचंच हाय."

तर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, आपल्या इकडे नाही का झाले असे कोणी? वाजवणारे, पण ज्याईले कोणी कलाकार म्हटलं नाई?" मी म्हटलं, "असतील. संशोधन करायला हवं." संशोधन! बाबा, तुमचा कोट माझ्या कपाटात टांगलेला आहे. सातासमुद्रापारच्या माणसांसाठी माझे डोळे भरून येतात, आणि बापासाठी तोंड उघडत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

ती मुलगी पिच्छाच सोडेना. कुठून सुरुवात करू, विचारत घरी आली. मी तिला समुद्रपूरचा पत्ता दिला, तुमच्यासोबत ढोल वाजवायचे त्या काकांचा. आज सकाळच्या एसटीनं गेली. काका बोलायला लागले की दुसऱ्या वाक्याला तुमचं नाव येतं आणि तिसऱ्याला माझं. स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगितलं, पोरीला चांगला माणूस गाठून दिला. खरं सांगू? मला स्वतःला सांगावं लागू नये, म्हणून पाठवलं तिला.