तुमच्या गुलाबाला मी सुरी लावली

अहो,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तुमच्या गुलाबाला मी सुरी लावली. हो, त्याच! आणि आज सकाळी त्या कलमाला पहिलं फूल आलं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि त्या पावसाळ्यानंतर मागच्या अंगणातलं तुमचं झाड एका बाजूने वाळायला लागलं. मुळाशी वाळवी. राख घातली, कडुनिंबाचं पाणी घातलं, कशालाच दाद देईना. त्या रंगाचं तेवढं एकच झाड, आणि तेही डोळ्यांदेखत चाललेलं. मी काय करायला हवं होतं, सांगा ना?

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. इंदिरानगरात आपण नवे होतो, चहूकडे नुसती शेतं. मी माहेरी, अण्णांच्या मळ्यात गुलाबाचे डोळे भरतच वाढलेली. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचा. येतं ते हुबेहूब त्याच गुलाबाचं फूल. आणि तुम्ही? ऑफिसातून आलात की चहासुद्धा न घेता बिया घेऊन बसायचात!

"डोळा भरून येतं ते जुनंच गं," म्हणायचात. "बीमधून येतं ते अजून कुणी पाहिलेलंच नसतं."

बियांना थंडी हवी म्हणून तुम्ही त्या ओल्या वाळूच्या बाटलीत घालून शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. त्यांनी कसलं तरी औषध समजून बाटली फेकून दिली, आणि तुम्ही दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाहीत. इतकं हसले होते मी तेव्हा! आता आठवलं की अजूनही हसू येतं.

रोपं उगवली तरी काय, कुणाला चार पाकळ्या, कुणाचा रंग धुतलेल्या चिंधीसारखा. मी म्हणायचे, उपटा हे आणि मेथी लावू द्या. तुमचं एकच: "फूल येईपर्यंत थांब ना, मळेवाली."

मग एका हिवाळ्यात ते फुललं. पिकल्या पपईच्या गराचा रंग, कडा गुलाबी, आणि वास असा की मी पोळी तव्यावर विसरले. तुम्ही लहान मुलासारखे अंगणभर फिरलात. आणि लगेच हुकूम! "याला कुणी सुरी लावायची नाही. हे स्वतःच्या मुळांवर उभं आहे."

मी आधी तुमचंच ऐकलं हो. त्याच्याच बिया पेरल्या. एकाला पांढरं फूल आलं, एकाला कांद्याच्या सालीच्या रंगाचं. सुनू विचारायची, "आई, यातलं बाबांचं कुठलं?" दहा वर्षांच्या लेकीला काय सांगणार होते?

शेवटी अण्णांची सुरी काढली. हिरवी राहिलेली एकच फांदी होती. तिचा डोळा काढून जंगली खुंटात भरला. तुमच्या बायकोने तुमचाच हुकूम मोडला, हे पाहायला तुम्ही हवे होतात.

थोड्याच दिवसांत बांधलेल्या जागेच्या खालून फुटवा आला. सुनू नाचली, शेजारी सांगून आली, फुटव्याला लाल दोरा बांधला. मी पानं मोजली. एका देठाला सात, तुमच्या गुलाबाला पाच. खुंटाचा जंगली फुटवा तो. ठेवला असता तर वरचा डोळा मारला असता. मी तो कापला. "बाबांचं तोडलंस!" असं ओरडून पोरगी जेवलीच नाही. तुमचाच हट्ट, दुसरं काय! त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. मला एकटीला हे सगळं करायला लावलंत म्हणून.

मग वरचा डोळा फुगला. तांबूस पान आलं, कळी आली, आणि आज फूल. सुनूने नाक खुपसलं आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांचंच आहे." मी पदर तोंडात कोंबून रडले. तुमची फार आठवण येते हो.

तेव्हा माफीबिफी काही मागत नाहीये. तुमचं फूल मी राखलं, माझ्या पद्धतीने. पण बियांची रोपं अजून आहेत तिथेच, बरीचशी फुलायची आहेत. त्यातलं एकही तुमच्या गुलाबासारखं निघणार नाही, माहीत आहे मला. तरी शब्द देते, मेथी दुसरीकडे लावीन, आणि फूल येईपर्यंत एकही उपटणार नाही.

तुमची,
मळेवाली